कुदळ मारण्याआधी

लोणी काळभोरच्या शिवारातून कालवा जातो. एक नव्हे, दोन. खडकवासला धरणातून निघून हडपसरवरून येणारा आणि पुढे उरुळी कांचन, यवत, दौंड करीत इंदापूर तालुक्यापर्यंत पोचणारा नवा मुठा उजवा कालवा हा एक. याची लांबी २०२ किलोमीटर आहे. दुसरा त्याहून पुष्कळ जुना, इंग्रजी अमदानीत पाटसच्या बाजूपर्यंत खणलेला. त्याला या भागात सगळे ‘बेबी कालवा’ म्हणतात. नदी मात्र या दोन्हींपेक्षा खाली, उत्तरेला थेऊरच्या अंगाने वाहते.

या परिसरातल्या एका शाळेत आम्ही काही दिवस विज्ञानाचे उपक्रम घेत होतो. तिथे सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, नदी खाली आहे आणि कालवा वर आहे. मग नदीचे पाणी कालव्यात चढले कसे?” वर्गातल्या बहुतेकांचे उत्तर तयार होते: मोटार लावली असणार. प्रत्येकाच्या घरी विहिरीवर नाही तर बोअरवर मोटार आहे, तेव्हा हे उत्तर स्वाभाविकच होते. पण कालव्याच्या तोंडाशी मोटार नाही. खडकवासल्यापासून इंदापुरापर्यंतचा प्रवास हे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने, उतारावरून करते.

मग ते नदीपेक्षा वर कसे राहते? हिशेबाच्या सोयीसाठी असे समजा की नदीचा तळ दर किलोमीटरला १ मीटर खाली जातो. आता धरणापासून एक कालवा काढायचा आहे आणि त्याचा तळ किलोमीटरला फक्त २० सेंटिमीटर उतरेल असा बेत करायचा आहे. म्हणजे ५००० ला १ असा उतार. दोघांनी ४० किलोमीटर अंतर कापले की नदी ४० मीटर उतरलेली असेल आणि कालवा ८ मीटर. कालवा वर चढलेला नाही. नदी खाली गेली, आणि कालव्याने उतरण्याची घाई केली नाही, इतकेच. या दोघांच्या मधल्या पट्ट्यातील जमिनीला आता चाऱ्या काढून पाणी देता येते. कालव्याचे लाभक्षेत्र म्हणतात ते हेच. पाणी देता येते ते कालव्याच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला कालवा बांधावरून दिसत असला तरी उपसा केल्याशिवाय त्याचा थेंबही मिळत नाही.

हे गणित फळ्यावर मांडून झाल्यावर वर्गात थोडी शांतता पसरली. आम्हांला वाटले विषय संपला. खरे तर तो तिथे सुरू झाला.

वीतभर खोल चर

शाळेच्या आवारात पाण्याची टाकी होती. तिच्यापासून ४० मीटरवर मुलांना परसबाग करायची होती. टाकीच्या नळाखाली वाया जाणारे पाणी चर खणून बागेकडे न्यावे अशी कल्पना निघाली. कालव्याचे गणित नुकतेच झालेले, त्यामुळे उत्साह दांडगा. जमीन बागेकडे उतरती आहे हे सर्वांना डोळ्यांनी दिसत होते, आम्हांलाही. कुदळी, फावडी, घमेली गोळा झाली आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत, एका दोरीच्या रेषेत, वीतभर खोल चर टाकीपासून बागेपर्यंत खणून झाला. नारळ फोडून नळ सोडला.

पाणी दहाएक मीटर झोकात गेले आणि थांबले. साठू लागले. चराच्या काठावरून बाहेर पडले आणि प्रार्थनेच्या मैदानात पसरले. बागेत एक थेंब गेला नाही. सोमवारची प्रार्थना वर्गात घ्यावी लागली आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांनी आम्हांला जे सुनावले ते योग्यच होते. मुलांची पहिली प्रतिक्रिया ‘अजून खणू या’ अशी होती. पण कुठे खणायचे, किती खणायचे, हे कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे सगळीकडे एकसारखे अजून वीतभर, कोणी म्हणे शेवटी. ही चूक त्या मुलांची नव्हती. आम्ही कालव्याचा उतार शिकवला, पण तो उतार जमिनीवर आणायचा कसा ते आधी ठरवले नव्हते.

डोळ्याला जमिनीचा उतार नीट कळत नाही, याला कारण आहे. आपण उतार नुसता पाहत नाही, आजूबाजूच्या गोष्टींशी ताडून पाहतो. कुंपणाची भिंत, दूरच्या डोंगराची कड, झाडांची रांग यांतले काही तिरके असेल तर सपाट जमीन उतरती वाटते आणि चढती जमीन सपाट. लेहजवळ ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणून एक जागा प्रसिद्ध आहे. तिथे बंद केलेली मोटार चढावर आपोआप सरकते असे प्रवासी सांगतात. ती सरकते उतारावरच. भोवतालच्या डोंगरांमुळे तो उतार चढासारखा दिसतो. आमच्या शाळेत कुंपणाची भिंत टप्प्याटप्प्याने उतरत होती आणि आम्ही सगळे भिंतीकडे पाहून जमिनीबद्दल बोलत होतो.

गवंड्याची नळी

मग आम्ही गवंड्याकडून नळी मागून आणली. बांधकामावर जिला ‘लेव्हल पाईप’ म्हणतात तीच ही, बोटाएवढी जाड, पारदर्शक, दहा मीटर लांबीची नळी. घराच्या जोत्याची पातळी गवंडी हिच्याच साह्याने काढतो. जोडलेल्या भांड्यांतले पाणी सारख्या पातळीला राहते हे आपण आठवीच्या आतच शिकवतो, पण त्याचा असा उपयोग मुलांच्या हातून होतोच असे नाही.

कृती अशी. सारख्या उंचीच्या दोन सरळ काठ्या घ्या आणि त्यांवर खालून वर सेंटिमीटरच्या खुणा करा. शिंप्याची फीत चिकटवली तरी चालते. नळीत पाणी भरा. रंगीत असले तर वाचायला सोपे. मधे बुडबुडा राहू देऊ नका. नळीचे एकेक टोक एकेका काठीला धरा. पहिली काठी ‘अ’ जागी जमिनीवर, दुसरी ५ मीटरवर ‘ब’ जागी. चालताना टोकांवर अंगठा ठेवा, म्हणजे पाणी सांडणार नाही. वाचन घेताना मात्र दोन्ही टोके उघडी हवीत. पाणी स्थिर झाले की दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचा. ‘अ’ ला ८० आणि ‘ब’ ला ८४ आले तर ‘ब’ ची जमीन ४ सेंटिमीटर खाली आहे. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच आहे, फरक आहे तो जमिनीत. ज्या काठीवर आकडा मोठा तिथली जमीन खोल, हे मुलांना सुरुवातीला उलटे वाटते. एकदा बादलीत एक काठी उभी करून दाखवली की पटते.

टाकीपासून बागेपर्यंत दर ५ मीटरवर असे मोजत गेलो. फरक आले ते असे: ४ सेंटिमीटर खाली, ३ खाली, ६ वर, ११ वर, ८ वर, १२ खाली, २० खाली, १६ खाली. टाकीजवळची जमीन शून्य धरून बेरीज करीत गेले की प्रत्येक जागेची उंची मिळते. १० मीटरवर जमीन ७ सेंटिमीटर खाली, २५ मीटरवर मात्र १८ सेंटिमीटर वर, आणि शेवटी बागेत ३० सेंटिमीटर खाली. म्हणजे बाग टाकीपेक्षा खाली आहे, हे आमचे म्हणणे बरोबर होते. मधे एक उंचवटा आहे हे कोणालाच दिसले नव्हते.

या आकड्यांचा आलेख मुलांकडून जरूर काढून घ्या. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर उंची. आमच्या मुलांनी तो काढला, आणि त्या जमिनीच्या रेषेखाली २० सेंटिमीटरवर चराच्या तळाची दुसरी रेषा काढली, तेव्हा शनिवारी काय झाले ते कागदावरच दिसले. चर सगळीकडे सारखाच खोल होता. त्यामुळे तळानेही जमिनीचाच उंचवटा घेतला होता. १० मीटरवर तळ शून्याच्या २७ सेंटिमीटर खाली आणि २५ मीटरवर केवळ २ सेंटिमीटर खाली. उंचवटा ओलांडायचा तर पाण्याला उणे २ पर्यंत चढायला हवे. पण १० मीटरवर चराचा काठच उणे ७ ला होता. पाणी तिथूनच बाहेर पडणार, दुसरे काय करणार?

आता पुढचा प्रश्न. टाकीपासून बागेपर्यंत तळ एकसारखा उतरता हवा असेल, म्हणजे ४० मीटरमध्ये ३० सेंटिमीटर, तर कुठे किती खणायचे? आलेखावर सरळ रेषा मारा आणि जमिनीची रेषा व ही रेषा यांतले अंतर मोजा. १० मीटरवर जवळजवळ काहीच खणायला नको. १५ मीटरवर १० सेंटिमीटर, २० वर २५, २५ मीटरवर ३७, ३० वर साधारण २९, ३५ वर १२. (सुरुवातीला आणि शेवटी पाणी काठाबाहेर जाऊ नये म्हणून बारीक बांध घालावा लागतो, किंवा सगळी रेषा थोडी खाली सरकवावी लागते.) शनिवारी ज्या दोन विरोधी सूचना आल्या होत्या, ‘सगळीकडे अजून वीतभर’ आणि ‘शेवटी’, त्या दोन्ही निरुपयोगी होत्या हेही आलेखाने सांगितले. खणायला हवे होते ते मधेच.

सातवीतल्याच एका मुलाने याहून चांगली गोष्ट सुचवली. उंचवट्यातून जायचेच कशाला? वळसा घातला तर? नळी घेऊन त्यांनी उंचवट्याच्या कडेकडेने, जमीन वर जाणार नाही अशी वाट शोधली. ती ५५ मीटरची निघाली. लांबी वाढली, पण कुठेही अर्ध्या वितीपेक्षा जास्त खणावे लागणार नव्हते. उतार १३३ ला १ होता तो १८३ ला १ झाला, आणि आमच्या चराला तो भरपूर होता.

कालव्याला इतकी वळणे का?

त्या मुलाने न कळत कालव्याच्या आखणीचे मुख्य तत्त्व शोधून काढले होते. नकाशात मुठा कालव्याची रेषा पाहा. रस्ता आणि लोहमार्ग बराच सरळ धावतो, कालवा मात्र सारखा वळतो. प्रत्येक ओढ्याच्या खोबणीत तो आत शिरतो आणि टेकाडाच्या नाकाला वळसा घालून बाहेर येतो. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी जी समोच्च रेषा, तिच्या अगदी जवळून, कणाकणाने खाली उतरत त्याला जायचे असते. ओढा फार आतपर्यंत गेला असेल तर वळसा परवडत नाही, आणि तिथे कालवा ओढ्यावरून जलसेतूने नेतात किंवा ओढा कालव्याखालच्या मोरीतून काढतात. कुठे वळायचे, कुठे कापायचे आणि कुठे बांधायचे हे प्रत्येक ठिकाणी खर्चाचे गणित मांडून ठरवावे लागते, आणि तेही पहिली कुदळ पडण्याआधी. वरच्या अंगाला २० किलोमीटर खणून झाल्यावर खाली पातळी चुकली असे लक्षात आले तर काय करणार?

उतार किती ठेवायचा हाही वादाचा विषय असतो. जास्त ठेवला तर पाणी वेगाने धावते, मातीचा तळ व काठ खरवडते, शिवाय कालवा लवकर खाली उतरतो आणि लाभक्षेत्र घटते. कमी ठेवला तर पाणी रेंगाळते, गाळ बसतो, पाणवनस्पती माजतात, पाणी जास्त झिरपते, आणि तेवढेच पाणी न्यायला कालवा रुंद करावा लागतो.

किलोमीटरला २० सेंटिमीटर हा उतार किती नाजूक आहे पाहा. मोजताना दर १०० मीटरला केवळ २ सेंटिमीटरची चूक, म्हणजे साधारण एका बोटाच्या रुंदीची, सतत एकाच बाजूला होत गेली तर किलोमीटरला २० सेंटिमीटर होतात. सगळा उतार त्या चुकीत नाहीसा! म्हणून सर्वेक्षक एकदा मोजून थांबत नाहीत. ज्ञात उंचीच्या खुणेपासून निघतात आणि परत त्याच किंवा दुसऱ्या ज्ञात खुणेपर्यंत येतात. निघताना व परतताना हिशेब जुळला पाहिजे. आम्हीही दुसऱ्या वाटेने बागेतून टाकीकडे मोजत परत आलो, तर ३० ऐवजी २७ सेंटिमीटर आले. तीन कुठे गेले याचा शोध घेण्यात एक तास गेला. एका ठिकाणी काठी जमिनीवर नव्हे, दगडावर ठेवली गेली होती. हा तास आम्हांला साऱ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तरपत्रिकेत चूक असली की गुण जातात, इथे चूक शोधणे हेच काम होते.

ज्ञात उंचीच्या या खुणांना बेंचमार्क म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर जुन्या पक्क्या इमारती, रेल्वे स्थानके, पूल यांच्या दगडांवर त्या कोरून ठेवल्या आहेत. समुद्रसपाटीपासूनची उंची अशा खुणांवरून पुढे पुढे नेली जाते. आपल्या गावाच्या स्थानकाच्या नावाच्या पाटीवरही समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मुलांनी ती रोज पाहिलेली असते आणि वाचलेली नसते.

मुठेच्या पहिल्या कालव्याची आखणी १८६० च्या दशकात झाली. कॅप्टन फाईफ हे लष्करी इंजिनियर तिच्यामागे होते. धरणाच्या जलाशयाला पुढे कित्येक वर्षे ‘लेक फाईफ’ म्हणत. १८७० च्या दशकात धरण उभे राहिले आणि उजवा कालवा सुमारे ११२ किलोमीटर गेला. लोखंडी साखळी, दुर्बीण बसवलेले लेव्हल, आकड्यांची पट्टी आणि वहीत रोजची नोंद एवढ्यावर ही उंची मोजलेली आहे. तत्त्व आमच्या नळीचेच: एक आडवी पातळी धरायची आणि तिथून जमीन किती खाली ते मोजायचे.

आधी काय, मग काय

आखणी या शब्दात रेघ मारणे आहे, आणि आराखडा म्हणतानाही आपल्या डोळ्यांपुढे रेघांचा कागदच येतो. पण रेघ कितीही अचूक असली तरी काम बिघडू शकते, जर कामांचा क्रम चुकला तर. याचे उदाहरण मुठेच्याच खोऱ्यात आहे आणि पुण्याच्या कुठल्याही जुन्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी मोरी ठेवतात. तिचे दरवाजे आणि ते उचलण्याची यंत्रणा बसली, म्हणजे पाणी किती साठवायचे व किती सोडायचे हे माणसाच्या हाती येते. १९६१ च्या पावसाळ्यात भिंत पाणी अडवण्याइतकी उंच झाली होती, पण दरवाजे व ती यंत्रणा पूर्ण बसवून झालेली नव्हती. काम ठरलेल्या मुदतीच्या आधी उरकून त्याच पावसाळ्यात पाणी साठवण्याची घाई झाली होती. जुलैत जोराचा पाऊस झाला आणि जलाशय भराभर भरू लागला. मोरीतून पाणी अनियंत्रित वेगाने जात होते. मोरीच्या वरचा भराव खचू लागला. भिंतीचा माथा खाली येत होता, पाणी वर चढत होते. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा राखण्याचा प्रयत्न केला. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यात आले आणि दुपारी तेही जुने धरण फुटले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हजारो कुटुंबे बेघर झाली.

मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले की ती का टिकत नाही, हे वर्गात परातीत ओल्या वाळूचा बांध करून दाखवता येते. पाणी माथ्याला लागेपर्यंत बांध उत्तम उभा राहतो. एका जागी धार सुरू झाली की ती जागा खरवडली जाते, त्यामुळे तिथे जास्त पाणी येते, त्यामुळे ती आणखी खरवडली जाते. अर्ध्या मिनिटात खेळ आटोपतो. म्हणूनच मातीच्या धरणात पाणी बाहेर काढण्याची सोय ही भिंतीनंतरची गोष्ट नसते. बांधकामाचे कौशल्य सगळे असूनही, पाणी अडवणे आणि पाणी सोडणे या दोन कामांतला क्रम तिथे सुटला.

कामांचा क्रम कागदावर मांडण्याची एक रीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाली. ड्युपाँ या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी, साधारण एकाच सुमारास पण वेगवेगळी. नाव मोठे आहे, क्रिटिकल पाथ. कृती सहावीच्या मुलाला जमेल. प्रत्येक काम एका चौकटीत लिहायचे, त्याला लागणारे दिवस लिहायचे, आणि ‘हे संपल्याशिवाय ते सुरू होत नाही’ असे असेल तिथे बाण काढायचा. मग सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या सगळ्या वाटांची बेरीज करायची. सर्वांत लांब वाट जितक्या दिवसांची, तितके दिवस काम चालणारच.

आमच्या परसबागेचे असे केले. उंची मोजणे २ दिवस, मार्ग ठरवून फक्की मारणे १, खोदाई ४, काठाला दगड बसवणे ३. ही वाट १० दिवसांची. वाफे तयार करणे ३ दिवस, ते खोदाईच्या बरोबरीने चालू शकते. आणि वांग्या-मिरचीची रोपे पिशव्यांत वाढवणे ३५ दिवस. सगळे झाल्यावर लावणी १ दिवस. म्हणजे बाग ३६ दिवसांच्या आत होणे शक्यच नव्हते, आणि तो आकडा ठरवत होती रोपे, चर नव्हे. चराच्या कामाला २५ दिवसांची सवड होती.

शिक्षक खोलीत आम्हांला विचारले गेले होते की मोजत बसायला वेळ कुठे आहे. हा घ्या वेळ. आम्ही पहिल्या शनिवारी जे उत्साहाने केले ते सवडीचे काम होते, आणि ज्या कामाला एक दिवसही सवड नव्हती ते, म्हणजे बी टाकणे, कोणाच्या मनातही नव्हते. जे सर्वांत शेवटी लागते ते पुष्कळदा सर्वांत आधी सुरू करावे लागते, हे चौकटी मांडल्याशिवाय डोक्यात येत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मात्र ते सांगावे लागले नाही. “तरवा आधी टाकतात, चिखलणी मग,” असे एकजण सहज म्हणाला.

नियोजन हा शब्द शिक्षकांना गोड लागत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. जूनमध्ये वार्षिक नियोजन, मग मासिक, मग घटक नियोजन, आणि तपासणीच्या आदल्या रात्री भरलेले रकाने. त्या वह्यांबद्दल आम्ही बोलत नाही. एखादा आराखडा खरा की दिखाऊ याची आमची परीक्षा सोपी आहे. तो करताना आपल्याला आधी माहीत नसलेली एक तरी गोष्ट कळली का? आमच्या आलेखाने उंचवटा दाखवला, चौकटींनी रोपांचे ३५ दिवस दाखवले. घटक नियोजन लिहिताना असे काही कधी कळल्याचे आम्हांला तरी आठवत नाही.

आखणी करणाऱ्यांना सगळे दिसते असेही नाही. मुठेचा कालवा मुख्यतः शेतीसाठी आखला. पुणे शहर इतके वाढेल आणि त्याच धरणांचे पाणी इतके पिईल हे त्या हिशेबात नव्हते. आज खालच्या तालुक्यांची आवर्तने आणि शहराचे पिण्याचे पाणी यांची ओढाताण दर उन्हाळ्यात होते. शहरातून जाणाऱ्या कालव्याच्या काठाला वस्ती आली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी घुसले. जुन्या बेबी कालव्यात तर आता मुंढव्याला उपसलेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडतात. इंग्रज इंजिनियरने शंभरएक मैल विचार केला असेल, दीडशे वर्षे केली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीची त्याची पातळी मात्र अजून उपयोगी पडते आहे, कारण उतार बदललेला नाही.

हा उपक्रम करणार असाल तर एक सूचना. मुलांना कालवा दाखवायला नेताना पुलावरूनच दाखवा. काठ निसरडे असतात, पाणी वरून संथ दिसले तरी ओढ असते, आणि काँक्रीटच्या उतरत्या काठावर पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. पाण्याचा वेग मोजायचा असेल तर पुलाच्या एका बाजूने सुकी काडी टाका आणि दुसऱ्या बाजूला ती दिसेपर्यंत सेकंद मोजा. पुलाची रुंदी माहीत असली की भागाकार करता येतो.

आमच्या चराचे दुसरे उद्घाटन नारळाशिवाय झाले. रोपे चार पानांवर होती. नळ सोडला. पाणी पहिल्या दहा मीटरना नेहमीसारखे धावले, वळणाशी आले, तिथे कोरड्या मुरुमाने बरेचसे पिऊन टाकले, आणि सगळे वाकून पाहत राहिले. मग ते हळूहळू पुढे सरकले. ५५ मीटरला १२ मिनिटे लागली. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता ती घड्याळ धरून बागेच्या टोकाला उभी होती. पाणी तिच्या पायाशी आले तेव्हा तिने वेळ वहीत लिहिली आणि विचारले, “उद्या चर ओला असेल. मग किती मिनिटे लागतील?”